खुर्चीवरची सुपारी

पूजेला नवऱ्याशेजारी बायको हजर नसली, तर तिच्या जागी सुपारी मांडतात. बायको बाळंतीण असो, माहेरी असो की देवाघरी गेलेली असो. सुपारीला हळदकुंकू लागलं की ती बायको झाली आणि पूजा पुढं सरकली. पेनगंगेच्या अलीकडं कापूस पिकवणाऱ्या घरांतून मी हे लहानपणापासून पाहत आले. आम्ही बौद्ध. आमच्या घरात सुपारी होती ती माझ्या वडिलांच्या चंचीत, आणि ती चावण्यासाठी होती. त्यामुळे एवढ्याशा फळाला बाई समजून लोक हात जोडतात याचं मला पूर्वी हसू यायचं. आता येत नाही.

मी तेलंगणात, आदिलाबादकडच्या जैनथ मंडळातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, एका गावी मराठी शाळेत समाजशास्त्र शिकवते. राहते मावल्याला. रोज सकाळी बस आणि मग ऑटो. ऑटोत माझ्याबरोबर कधी कोंबड्या असतात, कधी खताची पोती, आणि आठवीला शिकवायचा स्थानिक स्वराज्याचा धडा. त्या धड्यात एक चित्र आहे. मध्ये सरपंच बाई, समोर गावकरी, बाई बोट वर करून काहीतरी सांगतेय. हे चित्र ज्यानं काढलं त्यानं कधी ग्रामपंचायत पाहिली नसावी असं मला दरवर्षी वाटतं.

त्या गावातलं सरपंचपद मागच्या खेपेला बायकांसाठी राखीव निघालं. ज्या गृहस्थानं उभं राहायची तयारी केली होती, त्याचे फ्लेक्स तोवर छापून आले होते. त्यानं शांतपणे फ्लेक्सवाल्याला फोन केला आणि कोपऱ्यात बायकोचा फोटो घालायला सांगितला. फ्लेक्स पुन्हा छापले गेले. तो मधोमध, हात जोडून, बैलाएवढा. ती कोपऱ्यात, पासपोर्ट आकाराची, तोंड इतकं गोरं केलेलं की डोळे तेवढे शिल्लक राहिलेले. गावाबाहेरच्या लिंबाला बांधलेला तो फ्लेक्स उन्हानं विटत गेला, आणि तिचा चेहरा त्याच्याआधी विटला. आधीच पांढरा होता, वेळ लागला नाही.

ती माझी मैत्रीण. नदीकाठच्या एकाच गावातल्या आम्ही दोघी. तिच्या वडिलांचं शेत होतं आणि त्या शेतात माझी आई मजुरीला जायची. हायस्कूलला मात्र आम्ही बरोबर चालत जायचो. तिचा आवाज असा होता की ती धडा वाचायला उभी राहिली की शेजारच्या वर्गातले गुरुजी दारात येऊन उभे राहत. पुढं मी शिकत राहिले, तिचं लग्न झालं, आणि कितीतरी वर्षांनी माझी बदली तिच्या सासरच्या गावी झाली. माझ्यासाठी ती म्हणजे तो आवाज, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

तिच्या नवऱ्याबद्दलही सांगायला हवं. तो दारू पीत नाही, हात उगारत नाही, कुणाच्या घरी आजारपण असलं की गाडी काढून आदिलाबादला नेतो. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं. हा चांगला होता, तिथंच सगळा घोळ होता.

शपथ तेलुगूतून घ्यायची होती. ती मराठी शाळेत शिकलेली. तेलुगू बाजारापुरती यायची. मी तिला सगळी शपथ देवनागरीत लिहून दिली. ती उभी राहिली, पदर सारखा केला, आणि असं वाचलं की मंडळ ऑफिसचा तेलुगू साहेब मोबाईलमधून मान वर काढून बघत राहिला. टाळ्या पडल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. बाहेर आल्यावर तिचा नवरा तिला हसून म्हणाला, “झालं बरं. मस्त वाचलं तू. आता मी पाहून घेतो.”

आणि त्यानं पाहून घेतलं.

पंचायतीत एक लाकडी खुर्ची आहे, सरपंचाची. तो त्या खुर्चीत कधी बसला नाही. तिच्यावर त्यानं स्वच्छ टॉवेल घातला आणि शेजारी आपली प्लास्टिकची खुर्ची मांडली. कागद घरी जायचे, दस्तखत होऊन परत यायचे. तिचा फोनही त्याच्याकडंच असायचा, कारण लोकांचे फोन येत. तिच्या आईचा आला की तोच उचलायचा आणि आदबीनं सांगायचा, “कामात हाये ती, मामी. सांगतो मी.”

मग गावात पाण्याच्या टाकीचं भूमिपूजन निघालं. आदिलाबादहून पुढारी येणार होते. त्यांच्याबरोबरच्या माणसांचा स्वयंपाक सरपंचाच्या घरी, म्हणजे तो करणार सरपंच. भटजींनी विचारलं, जोडपं कुठंय? ती चुलीपुढं होती, वरणाला फोडणी देत. “सुपारी चालते ना?” नवऱ्यानं विचारलं. भटजी म्हणाले, न चालायला काय झालं. पाटावर त्याच्या शेजारी द्रोणात सुपारी बसली, तिला हळदकुंकू लागलं, आणि सरपंच बाईंच्या हस्ते भूमिपूजन झालं असं माईकवरून दोन भाषांत जाहीर झालं.

अशी बसवलेली सुपारी मग नदीत सोडायची असते. पण उन्हाळा होता, पेनगंगेचं पाणी पात्राच्या मध्यावर गेलेलं, आणि पुढारी जेवायला खोळंबले होते. म्हणून त्यानं तो द्रोण तेवढ्यापुरता पंचायतीत नेला आणि ठेवायला बरी जागा म्हणून तिच्या खुर्चीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी मंडळ ऑफिसातून अडकलेलं एक काम सुटल्याचा फोन आला. गावात कुणीतरी म्हणालं, सुपारीचा पायगुण. झालं. सुपारी तिथंच राहिली.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते शाळेच्या कामासाठी गेले तेव्हा. मुलींच्या संडासाला पाणी नव्हतं. मोठ्या मुली दुपारनंतर घरी निघून जायच्या आणि मग यायच्याच नाहीत. उन्हातून चालत आले होते, पाय दुखत होते, बाकावर माणसं दाटीनं बसलेली. समोर टॉवेल घातलेली खुर्ची रिकामी दिसली, म्हणून मी तिकडं वळले.

“तिथं नाई!” चार-पाच जण एकदम ओरडले. एक म्हातारा तर उठून उभाच राहिला. “बाई बसेल हायेत तिथं!”

मी खुर्चीकडं पाहिलं. द्रोण, त्यात सुपारी, ताजं कुंकू. मला वाटलं, आता कुणीतरी हसेल. मी एकेकाच्या तोंडाकडं पाहत गेले. कुणी हसलं नाही. नवा तेलुगू सेक्रेटरीसुद्धा खुर्चीकडं हात करून मला समजावून सांगायला लागला, “मॅडम है इधर.” पेन्शनचं विचारायला आलेल्या एका बाईनं आधी खुर्चीला हात जोडले, मग माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याला. मी उभ्यानंच माझं गाऱ्हाणं मांडलं. तो नीट ऐकत होता. उत्तर देण्याआधी त्यानं मान किंचित वळवून खुर्चीकडं पाहिलं आणि म्हणाला, “होईल.”

तिथून मी थेट तिच्या घरी गेले. चांगली खरडपट्टी काढायची असं ठरवूनच गेले होते. ती चुलीजवळ पाटावर बसलेली, हात मांडीवर, पाठ ताठ. सासूनं ओठावर बोट ठेवलं. “हळू वं बाई. सभा सुरू हाये.”

“सभा तिकडं सुरू आहे, इथं नाही,” मी म्हणाले. मैत्रिणीनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. ओळख होती त्या नजरेत, आनंदही होता, पण तोंड मिटलेलं. मी बोलत राहिले, ती पाहत राहिली. बऱ्याच वेळानं बाहेर नवऱ्याची मोटारसायकल वाजली. तिनं पाण्यातून वर आल्यासारखा मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, “कवा आली वं तू? च्या घेशीन?”

चहा घेऊन आम्ही परसात बसलो. तिनं सांगितलं ते तिच्याच शब्दांत सांगते.

“तिथं ती बसली असली का मले इथं बोलता येत नाई. जीभ जड होते.”

“ती कोण?”

“मीच.”

मी खवळले. तुझं डोकं फिरलं का, म्हणाले. राखीव जागा कुणी दिली, कशासाठी दिली, अख्खा धडा म्हणून दाखवला तिला. ती शांतपणे ऐकून घेत होती. “तू खरंच बोलून राह्यली,” ती म्हणाली. “पहिले मलेबी गंमतच वाटे. मग एक दिवस सभा चालू होती अन् शेजारची हाक मारे, अन् माह्या तोंडातून आवाजच नाई निघाला. नवऱ्यानं बोलू नको मनलं असतं तं मी भांडली असती वं. पण कोनी काईच नाई मनलं. आता भांडू कोनाशी?”

घरी येताना बसमध्ये मला तेवढंच ऐकू येत राहिलं. एम. ए. ला आम्ही प्रतिनिधित्व शिकलो होतो. एकाच्या जागी दुसरा उभा राहतो आणि पहिल्याचं म्हणणं मांडतो. गावाच्या जागी सरपंच. सरपंचाच्या जागी नवरा. बायकोच्या जागी सुपारी. आता या साखळीत ती बाई स्वतः कुठं बसते, हे कुठल्या पुस्तकात असेल तर मला माहीत नाही. तिला कुणी हाकललं नव्हतं. तिचा मान राखून राखून तिला संपवत आणलं होतं.

पुढं ते वाढतच गेलं. आधी सभेपुरतं होतं, मग पंचायत उघडी असेल तेवढा वेळ ती बोलेनाशी झाली. बाजारात यायची बंद झाली. मला भीती एकाच गोष्टीची होती: ही एक दिवस पुरती मुकी होईल आणि गावाला ते कळणारसुद्धा नाही, कारण गावाचं काम अडणार नाही.

मी तिच्या नवऱ्याला रस्त्यात गाठून म्हणाले, सोडून या ती सुपारी नदीत. तो खरोखर दुखावला. “मास्तरीण बाई, मान हाये तो तिचा. मी कवा त्या खुर्चीवर बसलो का? काढली तं लोक मनतील, बाईले हटवलं.”

पंचायतीच्या भिंतीवर तिचा फोटो होता, फ्लेक्सवरचाच, चौकटीत घातलेला. झेंडावंदनाच्या दिवशी थोरामोठ्यांच्या फोटोंना हार घातले, एक हार उरला. उरलेलं वाया कशाला घालवायचं, म्हणून कुणीतरी तो तिच्या फोटोला घातला. वाळला तरी काढला नाही.

आणि त्यानंतर दोनेक महिन्यांनी तिच्या माहेरचा एक दूरचा काका सोयाबीनच्या गाडीबरोबर त्या गावावरून चालला होता. पुतणीची पंचायत बघावी म्हणून त्यानं खिडकीतून डोकावलं. आत भिंतीवर पुतणीचा हार घातलेला फोटो. खाली खुर्चीवर हळदकुंकू लावलेली सुपारी. शेजारी जावई, खाली मान घालून काहीतरी वाचत बसलेला. अशा वेळी विचारायचं काय? त्यांच्या लोकांत पोरीच्या लग्नात बापाशेजारी सुपारी दिसली, तर पोरीची आई कुठंय असं कुणी विचारत नाही. काकानंही विचारलं नाही. तोंडाला रुमाल लावून तो परत फिरला आणि त्यानं गावी जाऊन सांगितलं.

आईनं लेकीला फोन लावला. तो नवऱ्याच्या खिशात होता, आणि त्या दिवशी ग्रामसभा असल्यानं बंद होता. इतके दिवस ‘कामात हाये’ हेच ऐकत आलेल्या आईनं काय समजायचं ते समजून घेतलं. पोरगी गेली, आणि आपल्याला न कळवता माती उरकली.

मी वर्गात होते. रस्त्यावरून हेल काढून रडण्याचा आवाज आला. माहेरच्या बायका टेम्पो करून आल्या होत्या आणि शिवेपासूनच रडत येत होत्या. मुलांना बसवून मी बाहेर पडले, तर शेजारपाजारच्या बायका पदर डोळ्यांना लावून तिच्या घराकडं निघालेल्या. मी एकीला विचारलं, काय झालं? ती म्हणाली, “सरपंचीण गेली मनतात.” या शेजारणीचं घर सरपंचिणीच्या घराला लागून. भिंत एक. तिनंही अंगणात जाऊन बसकण मारली आणि रडायला लागली. कितीतरी दिवसांत कुणी तिला बाहेर पाहिलं नव्हतं, आवाज ऐकला नव्हता. बातमी आली तेव्हा कुणाला ती खोटी वाटली नाही. हे मी सगळ्यात घाबरून पाहिलं. जिवंत बाई मेली, आणि अख्ख्या आळीत त्याला नाही म्हणेल असा पुरावा कुणाजवळ नव्हता.

सासू रानात कापूस वेचायला गेलेली, नवरा सभेत. मी फाटकापाशी पोचले तेव्हा अंगणात बायकांचं रिंगण बसलं होतं, एकमेकींच्या गळ्यात पडून, माना खाली. आणि आतल्या दारातून ती बाहेर आली. डोक्यावरून पदर घेतलेला, पाऊल न वाजवता. रिंगणाच्या कडेला जागा होती तिथं ती बसली, शेजारणीनं सवयीनं तिच्या खांद्यावर हात टाकला, आणि रडणं पुढं सुरू झालं. रडताना कुणी तोंड वर करून बघत नाही.

मी ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली: नको.

तिला ऐकायचं होतं. आई तिच्यासाठी रडत होती, आणि रडता रडता सांगत होती. “माय वो, माह्या सुईत दोरा ओवून देणारी गेली वो... मैस तिच्याबिगर दूध नाई देत होती वो... धडा वाचे तं रस्त्यानं चालला मानूस थांबे वो... तो गया कुटी गेला वो माय...” ती आपल्याच मयताला बसली होती आणि पहिल्यांदाच ऐकत होती की ती कोण होती. तिच्या गालांवरून पाणी चाललं होतं. मधूनच ओठ हलत. मी दुरून पाहत होते, ती बोलायचा प्रयत्न करत होती आणि जमत नव्हतं. तिकडं सभा चालू होती. तिकडं ती बसलेली होती.

“आता हाक कोनाले मारू वो,” आई म्हणाली, आणि तिनं हाक मारली. माहेरच्या नावानं. ते नाव त्या गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, लग्नात बदललं होतं. मला ठाऊक होतं. शाळेत हजेरीला तेच नाव पुकारलं जायचं.

रानात अनोळखी हाक आली तर ओ देऊ नये, असं आम्हाला लहानपणी बजावलेलं असायचं. हाक मारणारा माणसातला नसतो म्हणून. इथं हाक आई मारत होती. एकदा मारली, पुन्हा मारली, आणि रिंगणाच्या कडेकडून, घोगरा, गंज लागलेला, पण तिचाच आवाज आला.

“ओ.”

रडणं कापल्यासारखं थांबलं. शेजारणीनं तिच्या खांद्यावरचा हात झटकन काढून घेतला. पुढच्या क्षणी बायका मागं सरकत, एकमेकींवर पडत, भिंतीपर्यंत गेल्या. आईसुद्धा बसल्याबसल्या मागं सरकली. मग तिनं पहिलं काय केलं असेल, तर लेकीचे पाय पाहिले. भुताचे पाय उलटे असतात. टाचा मागंच आहेत याची खात्री झाल्यावर ती पुढं आली आणि तिनं लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. नंतर ती मला बिलगली. ज्या बाईनं शेतात माझ्या आईच्या ओंजळीत नेहमी वरूनच पाणी ओतलं, ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती, आणि म्हणत होती, तू होती ना इथं, तू होती ना.

मैत्रीण उठली. पदर मागं पडला होता, तो तिनं सावरला नाही. “चाला,” ती म्हणाली.

पंचायत जवळच होती. पुढं ती, मागं रडून तोंडं सुजलेल्या बायका. रस्त्यातली माणसं बाजूला होत गेली. बातमी आमच्याआधी पोचलेली होती, म्हणून सभेत सगळे उभे होते. आता त्यांनी जिला मेली म्हणून ऐकलं ती दारातून आत आली. नवरा उठला, त्याचं तोंड उघडं राहिलं आणि त्यातून काही आलं नाही. ती खुर्चीपाशी गेली. द्रोण उचलला. बाकावरच्या म्हाताऱ्याकडं हात पुढं करून म्हणाली, “बुढा, अडकित्ता द्या तुमचा.” म्हाताऱ्यानं चंचीतून अडकित्ता काढला, पण तिच्या हातात दिला नाही. जमिनीवर ठेवून पुढं सरकवला.

तिनं सुपारी अडकित्त्यात धरून दाबली. जुनी, कडक झालेली होती. फुटताना असा आवाज झाला की मागं एक बाई किंचाळली. एक खांड तिनं तोंडात टाकलं, टॉवेल झटकला, खुर्चीत बसली आणि सगळ्यांच्या देखत चावत राहिली. मग म्हणाली, “शाळेच्या पाण्याचं काय झालं?”

पाणी त्याच आठवड्यात आलं.

इथं थांबता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती त्या दिवसापासून रोज पंचायतीत बसायला लागली. कामं व्हायची, आधीपेक्षा लवकर व्हायची. नवरा आता बाहेरच्या ओट्यावर बसायचा. ती बोलली की कुणी मध्ये तोंड घालत नसे. वरकरणी धड्यातलं चित्र खरं झालं होतं. पण मी शिक्षिका आहे, वर्ग कधी मनापासून गप्प असतो आणि कधी भेवानं, हे मला कळतं. लोक तिला ‘जाऊन आलेली’ म्हणायचे. तिच्या हातचा चहा कुणी घेत नसे. ती दिसली की बायका लेकरांना आत ओढत. आमच्याकडं बाईचं कुणी ऐकायचं असेल, तर तिच्या अंगात तरी यावं लागतं, नाहीतर ती मेलेली तरी असावी लागते. अंगात आलेल्या बाईपुढं मी मोठमोठे पाटील आडवे पडलेले पाहिलेत. ती शुद्धीवर आली की तिला तेच पाणी आणायला पाठवतात.

एकदा दुपारी मी तिच्याजवळ बसले होते. शेतातली वाट अडवल्याची तक्रार घेऊन एक माणूस आला. चपला काढून उंबऱ्याबाहेर उभा राहिला. ती म्हणाली, आत या भाऊ. तो तिथूनच बोलायला लागला, खाली बघून, हात जोडून.

ती माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, “सुपारी फोडली तवा मले वाटलं, आता मी बसीन इथं. पण पाह्य ना वं, हे अजून सुपारीशीच बोलून राह्यले.”

मग ती उठली. उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिनं त्या माणसापुढं हात धरला. “हात लावून पाहा, भाऊ. गरम हाये.”

त्यानं हात लावला नाही. एक पाऊल मागं सरकला. तिचा हात तसाच पुढं राहिला. मला ते बघवेना. मी उठून तो हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. घामेजलेला होता, नखांत सकाळच्या हळदीचा पिवळेपणा होता.

“गरम आहे,” मी मोठ्यानं म्हणाले.

त्या माणसानं माझ्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि नमस्कार केला.

“तुमी मास्तरीण हाय बाई,” तो म्हणाला. “तुमी मनता तं असंल.” आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.